आज गाडी कधी सुटणार? दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना रस्त्याच्या आजूबाजूला द्राक्षांची पॅकहाऊस लागतात. त्यांतल्या एका मध्यम आकाराच्या पॅकहाऊसमध्ये एका हंगामात जे घडलं, ते इथे मांडते आहे. कुणाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हेच प्रकरण निवडलं, कारण ‘मेंदूविज्ञान वापरून कर्मचाऱ्यांना प्रेरणा द्या’ अशा कार्यशाळा हल्ली सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून शेतमालाच्या कंपन्यांपर्यंत सगळीकडे भरतात. त्यातून मॅनेजर मंडळींच्या हाती बहुधा एकच गोष्ट लागते: बक्षीस द्या, डोपामाइन (मेंदूतलं प्रेरणेशी जोडलेलं रसायन) वाढेल, काम वाढेल. या पॅकहाऊसचं दुखणं बक्षिसानेच चिघळलं होतं.

काम काय असतं ते आधी सांगायला हवं. साधारण जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. ऊन चढायच्या आत बागेत काढणी होते आणि क्रेट भरून माल पॅकहाऊसला येतो. आवकेला क्रेट मोजतात, साखर आणि मण्याचा आकार तपासतात, मग माल टेबलांवर चढतो. एका टेबलाला सहा बायका. घड देठाला धरून उचलायचा, फिरवून बघायचा, बोथट टोकाच्या कात्रीने बारीक, तडकलेले, डागी मणी काढायचे. हे करताना चांगल्या मण्याला बोट लागू द्यायचं नाही. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरकी झळाळी असते. बोट घासलं की ती पुसली जाते, तेवढाच भाग चकचकीत दिसतो आणि तपासणीत तो घड बाजूला पडतो. पुढे पाचशे ग्रॅमचे पनेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पेट्या, दहा पनेटचा डबा, आत माल सडू न देणारा ग्रेप गार्डचा कागद, प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज आणि शेवटी न्हावा शेवा बंदराकडे जाणारा कंटेनर.

बायका येतात पेठ रोड, फुलेनगर, म्हसरूळ या भागांतून, काही पेठ-सुरगाण्याहून हंगामापुरत्या. सकाळी पेठ नाक्यावरून पिकअप त्यांना घेते, संध्याकाळी सोडते. हजेरी, म्हणजे मजुरी, रोजाने. मध्ये मुकादम.

त्या वर्षी नवा खरेदीदार मिळाला होता. त्याची मापं कडक, कंटेनरच्या तारखा ठरलेल्या. मॅनेजर कृषी पदवीधर, तिशीतला, कामाला वाघ. कामाचा वेग वाढावा म्हणून त्याने दोन गोष्टी सुरू केल्या. दिवसात सर्वांत जास्त डबे भरणाऱ्या टेबलाला रोख बक्षीस, आणि सर्वांत मागे राहिलेल्या टेबलाचा नंबर फळ्यावर. चहाच्या सुट्टीआधी तोच नंबर स्पीकरवरूनही जाहीर होई.

पहिल्या आठवड्यात डबे खरंच वाढले. मग शेवटच्या तपासणीत डबे उघडावे लागायला लागले, कारण आत बारीक मणी तसेच राहिलेले. टेबलांमध्ये क्रेटवरून भांडणं सुरू झाली. एखाद्या बागेचा माल असा येतो की घडाला दोन-चार मणी काढले की झालं. दुसऱ्या बागेच्या घडाला पाच-पाच मिनिटं जातात. आवकेच्या दाराजवळची दोन टेबलं चांगले क्रेट आधी ओढून घेत आणि बक्षीसही बहुतेक त्यांनाच जाई. मॅनेजरने रक्कम वाढवली. पुन्हा काही दिवस जोर आला, पुन्हा ओसरला. फेब्रुवारीच्या मध्यावर पैशाची ओढाताण झाली तेव्हा मालकांनी बक्षीस बंद केलं, आणि वातावरण बक्षीस नव्हतं त्या काळापेक्षाही वाईट झालं. त्याच हजेरीवर शेजारच्या पॅकहाऊसला जाणाऱ्या बायकांची संख्या वाढू लागली. भर हंगामात हात कमी पडणं म्हणजे काय, ते या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी मला बोलावलं ते एका सत्रासाठी. “मॅडम, मेंदूचं ते काय असतं ना, त्यावर बायकांना तासभर बोला. जरा चार्ज होऊ द्या.” मी म्हटलं, “नाना, बोलायचं ते नंतर बघू. आधी मला लाइनवर बसू द्या.”

बक्षीस बंद झाल्यावर असं का झालं, याचं उत्तर डोपामाइनच्या अभ्यासात खरोखर आहे. फक्त कार्यशाळांमध्ये ते अर्धंच सांगतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली होती. माकडाला अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात चेततात. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं की पेशी दिव्यालाच चेततात. रस आला तरी तिथे विशेष काही होत नाही, कारण तो येणार हे ठाऊकच असतं. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात याची मांडणी केली: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. याच कामासाठी शुल्ट्झ, डायन आणि रे डोलन यांना 2017 चं ब्रेन प्राइझ मिळालं.

पॅकहाऊसमधलं रोजचं बक्षीस आठवड्याभरात अपेक्षेत जमा झालं. रक्कम वाढवली तेव्हा फरक पुन्हा जाणवला आणि पुन्हा मुरला. बंद केलं तेव्हा नुसतं पहिल्यासारखं झालं नाही. येणारं काहीतरी हिरावलं गेल्यासारखं झालं. ज्या चार टेबलांना ते कधी मिळालंच नव्हतं, त्यांच्या दृष्टीने तर रोज संध्याकाळी ठरलेली निराशा होती.

इथे थोडं थांबून एक सांगते. या बायकांच्या डोक्याला कुणी यंत्र लावलेलं नाही. माकडाच्या पेशींवरून पॅकहाऊसवर उडी मारताना सांभाळूनच मारायला हवी. मेंदूचा अमुक भाग उजळला म्हणजे माणसाला अमुकच वाटलं, असा उलटा निष्कर्ष किती कच्चा असतो, हे रसेल पोल्ड्रॅक यांनी 2006 मध्येच दाखवून दिलं होतं. आणि 2008 मध्ये डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात असं दिसलं की कच्च्या स्पष्टीकरणाला मेंदूविज्ञानाची असंबद्ध फोडणी दिली, तरी सामान्य वाचकांना ते जास्त पटतं. म्हणून मी मॅनेजरला सांगितलं की मेंदूविज्ञान आपल्याला कुठे बघायचं ते सुचवेल. काय चाललंय ते मात्र टेबलाशी बसूनच कळेल.

टेबलाशी बसल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानावर येत राहिली. दुपारी चारनंतर जो तो एकच विचारत होता: “आज गाडी कधी सुटणार?” मुकादमाला, सुपरवायझरला, वजनकाट्यावरच्या मुलाला. उत्तर ठरलेलं: “माल संपला की.” कधी सहाला सुटायची, कधी साडेआठला. एकीच्या घरी दोन मुलं शाळेतून येऊन शेजारणीकडे बसलेली. एकीकडे नळाला पाणी संध्याकाळीच येतं आणि भरायला दुसरं कुणी नाही. एका ताईंनी सांगितलं की उशीर झाल्याचं घरी पटत नाही. किती वाजता येणार ते सकाळी सांगता आलं, तर निम्मी कटकट मिटेल. काम जड आहे अशी तक्रार एकीनेही केली नाही.

आणि त्याच वेळी हात बदलताना दिसत होते. सकाळी देठाला धरलेला घड संध्याकाळी सरळ मुठीत यायचा. डोळा घड्याळाकडे, अंगठा मण्यांवर. त्या वेळचे पनेट उजेडात धरले की चकचकीत डाग स्पष्ट दिसायचे. मॅनेजरच्या वहीतही डबे उघडावे लागल्याच्या नोंदी दिवसाच्या शेवटच्या भागात दाटलेल्या होत्या. त्याने त्याचा अर्थ ‘बायका दमतात’ असा लावला होता. दमत होत्याच. पण दमणूक एवढंच कारण असतं, तर लवकर सुटणाऱ्या दिवशी चार ते सहाचा माल चांगला असायला हवा होता. तसं नव्हतं, कारण आज लवकर सुटणार हे त्या दिवशीही कुणाला ठाऊक नसायचं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या आर्ची डी बर्कर आणि सहकाऱ्यांचा 2016 चा एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. 45 स्वयंसेवक संगणकावर दगड उलटून खाली साप आहे का याचा अंदाज बांधत. साप निघाला की हाताला खरा, सौम्य पण दुखरा विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण पाहिला. झटका बसणारच हे माहीत असताना ताण सर्वाधिक नव्हता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी होती, तेव्हा तो सर्वाधिक होता. साडेआठला सुटणार हे सकाळीच सांगितलेला दिवस बायकांना आवडला नसता, पण निभावता आला असता. शेजारणीला सांगता आलं असतं, पाण्याची सोय लावता आली असती.

अशा ताणाने नेमकं काय बिघडतं, हे येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या कामातून कळतं. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग बारीक निवड करणं, लक्ष टिकवणं, हाताला आवर घालणं ही कामं करतो. आपल्या ताब्याबाहेरचा ताण आला की तिथली जोडणी रासायनिक बदलांमुळे तात्पुरती सैल पडते आणि वागण्याची सूत्रं सवयीकडे आणि भीतीकडे जातात. हा मणी ठेवायचा की काढायचा, हे ठरवणं बाहेरून सोपं वाटतं. घडामागे घड दिवसभर ते ठरवायला हाच भाग शाबूत लागतो.

नानांना मी पहिली मागणी केली ती गाडीच्या वेळेची. ते हसले. “मॅडम, माल कधी येतो ते माझ्या हातात आहे का? बागेत ट्रॅक्टर अडकला तर?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आवकेचं रजिस्टर काढून पाहिलं, तर काढणी सकाळी होत असल्याने बहुतेक दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे क्रेट दाराशी येऊन मोजलेले असायचे. एका टेबलाला एका क्रेटला किती वेळ लागतो हे मॅनेजरला तोंडपाठ. म्हणजे गाडी कधी सुटणार याचा अंदाज दुपारी कागदावर तयारच होता. तो आवकेच्या मुलाकडे होता आणि बायकांकडे नव्हता, इतकंच. बायकांना ही माहिती हवी असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मग असं ठरलं. जेवणानंतर मॅनेजर स्वतः उभा राहून सांगेल: आज एवढे क्रेट, गाडी इतक्या वाजता. माल उशिरा येणार असेल तर कारणासकट सांगेल आणि पक्की वेळ किती वाजता कळेल तेही सांगेल. वेळेनंतरचा माल उरला तर ज्यांना थांबायचंय त्यांना विचारायचं. ओव्हरटाइम वेगळा, गाडीची दुसरी खेप वेगळी. ज्यांना जायचंय त्यांची गाडी वेळेवर सुटणार. पहिले काही दिवस बायकांनी विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? एका संध्याकाळी अजून माल टेबलावर असताना गाडी सांगितल्या वेळेला निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घोषणा झाली तेव्हा कात्र्या थांबवून सगळ्या ऐकत होत्या. पुढे चारनंतरचा तो प्रश्न कानावर यायचा बंद झाला आणि संध्याकाळच्या डब्यांतल्या चकचकीत डागांची तक्रार वहीत तुरळक होत गेली.

दुसरा गुंता क्रेटचा. सारा ब्रोसनन आणि फ्रान्स डी वाल यांचा 2003 चा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. खडा परत दिला की काकडी मिळत असताना खुश असणाऱ्या कापुचिन माकडाने, शेजारच्याला त्याच कामाला द्राक्ष मिळालेलं पाहिलं आणि काकडी नाकारायला सुरुवात केली. यावर पुढे बराच वाद झाला: माकड अन्यायावर चिडतं, की समोर दिसणारं चांगलं खाणं मिळत नाही म्हणून? तो वाद संशोधकांवर सोडू. या पॅकहाऊसमध्ये बायकांनी मला जे सांगितलं त्यात कुठलाच गुंता नव्हता: “दाराजवळच्यांना सोपा माल, आम्हाला कचरा, आणि फळ्यावर नाव आमचं.”

मॅनेजरने चिठ्ठ्या टाकायची कल्पना मांडली. एक मावशी म्हणाल्या, “चिठ्ठ्या नकोत दादा, नशिबाचं नको. पाळी लावा.” दर दिवशी टेबलांनी एक घर पुढे सरकायचं आणि प्रत्येक बागेचे क्रेट सगळ्या टेबलांना सारखे वाटायचे, हा नियम बायकांनीच बसून ठरवला आणि पाळतात की नाही तेही त्याच बघू लागल्या. मला यातला ‘त्यांनीच ठरवला’ हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी 1967 मध्ये ‘शिकलेली असहायता’ मांडली होती: त्रास टाळता येत नसेल तर जीव गप्प बसायला शिकतो. 2016 मध्ये त्यांनीच मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे ती उलटी केली: सततच्या त्रासात गप्प होऊन बसणं हे शिकावं लागत नाही, ते मूळचंच आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. मेंदूच्या पुढच्या भागाला ते उमगलं की तो खालच्या केंद्रांना आवरतो. ‘आमच्या बायकांना काही सुचतच नाही, सांगेल तेवढंच करतात’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाने हे वाचावं असं मला कळकळीने वाटतं. ज्यांना वर्षानुवर्षं काही ठरवूच दिलं नाही, त्यांना सुचणार तरी कुठून?

फळा आणि स्पीकर बंद झाले. यासाठी मात्र झगडावं लागलं, कारण नानांना तो फळा आवडायचा. नाओमी आयझेनबर्गर यांच्या 2003 च्या प्रयोगात चेंडूफेकीच्या खेळातून वगळलेल्या माणसांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी जोडलेले काही भाग सक्रिय झालेले दिसले. अपमान म्हणजे तंतोतंत जखमच, असं त्यावरून म्हणता येत नाही. तेच भाग इतरही कामं करतात. पण इथे यंत्राची गरजच नव्हती. नंबर पुकारला गेला की त्या टेबलावर बोलणं थांबायचं आणि चहाला उठताना त्या सहाजणी एकत्र, बाकीच्यांपासून लांब बसायच्या. बावीस-तेवीस वर्षांची तपासनीस पोरगी पन्नाशीच्या बाईला लांबून “ए, हे काय केलंस?” म्हणायची. आता ती घड हातात घेऊन टेबलाशी येते: “मावशी, हा बघा, इथे आत दोन बारीक राहिलेत.” मावशी घड फिरवतात आणि काढून टाकतात. कामाचा दर्जा तोच मागितला जातो, फक्त चार लोकांत पाणउतारा करून नाही.

आता पैशाचं. या विषयावरच्या व्याख्यानांत हमखास येणारं एक संशोधन आहे. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये दाखवलं की कोडी सोडवायला पैसे दिले की विद्यार्थ्यांची मूळची गोडी कमी होते. कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये स्टॉपवॉचच्या खेळात तेच मेंदूच्या पातळीवर पाहिलं: पैसे थांबल्यावर बक्षिसाशी निगडित भागाची सक्रियता घसरली. यावरून ‘पैशाने प्रेरणा मरते, कौतुक करा’ असा सल्ला रोजंदारीवरच्या बाईच्या बाबतीत कुणी देत असेल, तर मला तो संतापजनक वाटतो. ते प्रयोग मजेच्या कोड्यांवरचे, विद्यार्थ्यांवरचे. इथे बाई हजेरीसाठी उन्हातान्हातून येते. तिला हवी आहे पक्की, वाढलेली, वेळेवर मिळणारी हजेरी. बक्षिसावर जायचा तो पैसा सगळ्यांच्या हजेरीत सारखा मिळवावा, असं मी नानांना सुचवलं. पूर्ण नाही, पण बराचसा त्यांनी मिळवला.

याने एक टेबल दुखावलं. दाराजवळच्या एका टेबलाच्या ताई खरोखर हुशार होत्या. चांगल्या क्रेटचा फायदा सोडला तरी त्यांचा हात इतरांपेक्षा सरस होता. “मग मी जास्त चांगलं करून काय मिळवलं?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. समानता आणताना कौशल्याची किंमत पुसली जाणं हाही अन्यायच. त्यांच्याकडे नव्या बायकांना शिकवायचं काम आलं आणि त्याचे वेगळे पैसे ठरले. त्या घड धरायला शिकवतात ते पाहण्यासारखं आहे: आधी हातात काहीच न देता मनगट फिरवायला लावतात.

आणखी एक छोटी गोष्ट सुरू झाली. ॲडम ग्रँट यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या निधीसंकलन केंद्रात पाहिलं होतं की ज्यांच्यासाठी पैसे गोळा होतात अशा एका शिष्यवृत्तीधारकाशी थोडा वेळ भेट झालेल्या कर्मचाऱ्यांचा फोनवरचा वेळ महिन्याभराने दुपटीहून जास्त झाला. इथे बायका विचारायच्या, “हा डबा जातो कुठं?” सांगितलं कुणीच नव्हतं. आता कंटेनर पोहोचला की नेदरलँड्सहून येणारा गुणवत्ता अहवाल मॅनेजर चहाच्या वेळी मराठीत वाचतो, चांगलं-वाईट दोन्ही, फोटोंसकट.

डेव्हिड रॉक यांनी 2008 मध्ये प्रतिष्ठा, निश्चितता, स्वायत्तता, आपलेपणा आणि न्याय अशी पाच सूत्रं एकत्र बांधली. ती प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पाच केंद्रं नव्हेत, मॅनेजरसाठी केलेली मांडणी आहे. उपयोगी आहे. या पॅकहाऊसमध्ये त्यातलं निश्चिततेचं पारडं इतरांपेक्षा फार जड निघालं, आणि ते सुधारायला जवळजवळ काही खर्च आला नाही. अर्थात एकाच हंगामात इतके बदल झाले की कोणत्या बदलाने किती फरक पडला, हे वेगळं काढता येणार नाही.

मॅनेजरबद्दल लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. स्पीकरवर आवाज चढायचा तो बहुतेक वेळा नानांचा फोन येऊन गेल्यावर. कंटेनर, खरेदीदार, बागायतदार, मुकादम, सगळ्यांचा ताण त्याच्या एका फोनवर. आर्नस्टेन सांगतात तेच त्याच्याही डोक्यात घडत होतं, आणि मेंदूविज्ञान फक्त कामगारांना लावणारे मालक नेमकं हेच विसरतात. नानांनी दिवसातून दोन ठरलेल्या वेळीच फोन करायचं कबूल केलं. तो नियम त्यांना सर्वांत अवघड गेला, पण बऱ्यापैकी पाळला.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत. मुकादम हजेरीतून किती कापून घेतो यावर नानांनी बोलणं टाळलं. हजेरी थेट बायकांच्या खात्यात जमा करायची मागणी पुढच्या हंगामाच्या कराराआधी पुन्हा मांडायची आहे. आणि लहान मुलांसाठी पॅकहाऊसवर एक खोली आणि सांभाळणारी बाई हवी, हे दोन टेबलांनी मिळून लेखी दिलं आहे. खोली आहे, सध्या तिथे रिकामे डबे रचलेले असतात. डिसेंबरात डब्यांची नवी खेप येण्याआधी ती मोकळी करायची, इथपर्यंत मॅनेजरने नानांकडून होकार मिळवला आहे.